कापसाची आग आणि व्हिक्टोरिया गोदी

मुंबईत भायखळ्यास अग्निशामक दलाचे मुख्य ठाणे आहे. दरसाल 14 एप्रिल रोजी तेथील स्मारकापुढे दलाचे अधिकारी व जवान मानवंदना देतात, आणि त्या दिवसापासून आठवडाभर भारतात सर्वत्र अग्निशमन सप्ताह पाळण्यात येतो. 1944 सालच्या त्या तारखेस मुंबईच्या 66 बंबवाल्यांनी व्हिक्टोरिया गोदीत प्राण गमावले. त्या दिवशीच्या स्फोटाच्या हकीकती मुंबईकरांच्या घराघरांतून सांगितल्या गेल्या आहेत. सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या, आगबोट उचलली जाऊन गोदामावर आदळली, कोसावरच्या घरांची तावदाने फुटली. या गोष्टी खऱ्याही आहेत. तथापि स्फोटाच्या अगोदरचे दोन तास फारसे कोणी आठवीत नाही. वस्तुतः शिकावयासारखे जे काही आहे, ते त्याच दोन तासांत आहे. कारण त्या वेळी दारूगोळा अजून पेटला नव्हता. जळत होता तो कापूस.

रॉकेल, पेट्रोल यांसारख्या पातळ पदार्थांची आग लपून राहत नाही. ती एकदम भडकते आणि पाहणाराही एकदम पळतो. घन पदार्थांची तऱ्हा निराळी, आणि त्यांतही एकेकाचा स्वभाव वेगळा. गंधक निळसर, बुटक्या ज्योतीने जळतो, पण त्याचा धूर छातीत भरला की माणूस गुदमरतो. सेल्युलॉइड पाहता पाहता भस्म होते; जुन्या चित्रपटांच्या फिती जेथे साठविल्या जात तेथील लोकांस हा अनुभव पुरेपूर आला आहे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी मारावयास जावे, तर त्यातून ॲसिटिलीन वायू निघून तोच पेट घेतो. कापूस या सर्वांहून संथ आणि म्हणूनच अधिक फसवा. यंत्रात दाबून बांधलेली सुमारे 400 पौंड वजनाची गासडी वरवर लाकडाच्या ओंडक्यासारखी टणक लागते. परंतु तंतूंच्या मधोमध हवा कोंडलेली असते. ठिणगी आत शिरली की ज्योत न दिसता आग तंतूतंतूंतून पुढे सरकते. वरून पाणी ओतले तर वरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच राहतो.

ज्यांच्या घरी कापसाच्या गाद्या आहेत, त्या श्रोत्यांना हे नव्याने सांगावयास नको. उदबत्तीचा निखारा गादीवर पडतो, कोणी तांब्याभर पाणी ओतते, धूर थांबतो आणि घरची मंडळी निजावयास जातात. मध्यरात्री खोली धुराने भरलेली असते. अशा वेळी जुनी माणसे गादी थेट अंगणात नेत, ती उसवून कापूस मोकळा करीत, भिजवीत, आणि रात्रभर ती घराबाहेरच राहू देत. हाच शहाणपणा मोठ्या प्रमाणावर वापरणे, म्हणजेच कापसाच्या गोदामाची आग विझविणे. पेटलेली गासडी बाजूस काढावयाची, मोकळ्या जागी न्यावयाची, फोडून भिजवावयाची, आणि पुढे कित्येक दिवस तिच्यावर पहारा ठेवावयाचा. आगबोटीच्या पोटात गासड्या पेटल्या आणि त्या बाहेर काढता येत नसल्या, तर कोठाराची झाकणे घट्ट लावून हवा तोडावयाची आणि आत वाफ अथवा कार्बन डायऑक्साइड सोडावयाचा. मुंबईला हे ज्ञान नवे नव्हते. या शहराचे वैभवच कापसावर उभे राहिले; कुलाब्याचा कापूसबाजार पुढे शिवडीला काँक्रीटच्या कोठारांत हलविला गेला, आणि कॉटन ग्रीन हे नाव रेल्वेच्या स्थानकाला मिळाले. मुंबईच्या बंबवाल्यांना कापसाच्या आगीचा सराव होता. मग त्या दिवशी असे का घडले?

‘फोर्ट स्टिकिन’ ही 7,142 टनांची आगबोट 1942 साली कॅनडातील प्रिन्स रुपर्ट येथे बांधली गेली होती. 24 फेब्रुवारी 1944 रोजी ती इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाली. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता. त्यात पाणतीर होते, सुरुंग होते, तोफांचे गोळे होते, आणि त्यांपैकी 238 टन माल अत्यंत नाजूक वर्गातला होता. शिवाय लढाऊ विमाने, आणि पोलादी पेटीत बंद केलेल्या सोन्याच्या 124 विटा. कराचीस काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या 8,700 गासड्या चढल्या. जोडीला वंगणाची पिंपे, इमारती लाकूड, गंधक, राळ, तांदूळ, मोडीचे लोखंड आणि सुकी मासळी. युद्धकाळ होता, आगबोटींचा तुटवडा होता आणि प्रत्येक घनफूट जागा भरावयाची असा दंडक होता. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यास ही भरती पसंत नव्हती, परंतु त्याचे काही चालले नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना झाली. चुलीवर दारूचे पिंप ठेवावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, चूल अजून पेटविलेली नव्हती.

12 एप्रिलला आगबोट मुंबईस पोहोचून व्हिक्टोरिया गोदीच्या पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागली. शांततेच्या काळात स्फोटके घेऊन येणाऱ्या बोटीने बाहेर खोल पाण्यातच उभे राहून लहान होड्यांत माल उतरवावा, असा नियम असे. युद्धाच्या घाईत तो शिथिल केला गेला होता. धोक्याचे तांबडे निशाणही डोलकाठीवर चढलेले नव्हते. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या आगबोटींना, गोदीतील हजारो कामगारांना आणि भिंतीपलीकडच्या मांडवी व मशीद बंदरच्या वस्तीला आपल्या शेजारी काय येऊन राहिले आहे याची वार्ताच नव्हती. मासळीला दुर्गंध सुटला होता म्हणून ती आधी उतरवावयास घेतली. स्फोटके थांबली.

14 तारखेस दुपारी जेवणाची सुट्टी झाली. त्या वेळीच, साडेबारा-एकच्या सुमारास, शेजारच्या बोटींवरील काहींनी ‘फोर्ट स्टिकिन’च्या हवेच्या नळातून धुराची बारीक रेघ निघताना पाहिली होती. परक्याच्या बोटीत कशाला लक्ष घाला, असे त्यांना वाटले असावे. सुट्टीनंतर कामगार परत आले तेव्हा दुसऱ्या कोठारातून धूर वर येत होता. दोन वाजता आगीची हाकाटी झाली. चौकशीअंती घातपाताचा संशय टिकला नाही; कोणा कामगाराच्या विडीचे अथवा सिगारेटचे थोटूक गासड्यांत पडले असावे, हेच कारण संभाव्य मानले गेले. ज्या नळातून धूर निघाला त्याच्याजवळ एखादा माणूस एक तास अगोदर गेला असता, तर आठ-दहा गासड्या वर ओढून काढून हे प्रकरण मिटले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रारंभी आलेली निरोपाची हाक साध्या आगीची होती. त्यामुळे प्रथम दोनच बंब आले. पुढे आणखी आले, पाण्याच्या तोट्या वाढत गेल्या, आणि स्फोट होईपर्यंत 900 टनांहून अधिक पाणी आगबोटीच्या पोटात ओतले गेले. बंबवाल्यांच्या शौर्यात उणे काढावयास मुळीच जागा नाही. डेकचे पत्रे बुटांचे तळ भाजीत होते, बोटीभोवतालचे पाणी जागोजाग उकळत होते, धुराने हात दिसत नव्हता, आणि तरीही ती माणसे आपल्या जागा सोडीत नव्हती. परंतु पाणी कोठे मारावे हेच त्यांना दिसत नव्हते. आग गासड्यांच्या थप्पीत खोल कोठेतरी होती. पाणी वरच्या थरावरून वाहून खाली साचत होते. साचलेल्या पाण्यावर गासड्या तरंगतात. त्यामुळे जळता कापूस वर, स्फोटकांच्या दिशेने, उचलला गेला असावा असेही मागाहून या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखविले आहे. बोटीच्या एका अंगाचा पोलादी पत्रा तापून त्याचा रंग उडाला, तेव्हा आगीचे ठिकाण बाहेरून कळले. तेथे पत्रा कापून नेमके आत पाणी सोडावे म्हणून गॅसचे कापण्याचे यंत्र आणविले. ते चालले नाही.

या वेळी धक्क्यावर अधिकारी कमी नव्हते. उलट ते पुष्कळ होते, आणि अडचण तीच झाली. आगबोटीचा मालक-अधिकारी म्हणजे कप्तान. गोदी पोर्ट ट्रस्टची. दारूगोळा लष्कराचा. बंदरातील युद्धकालीन व्यवस्था आरमाराची. आग विझविण्याचे काम अग्निशामक दलाचे, आणि त्या दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः हजर. लष्कराच्या दारूगोळा खात्यातील कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहून, ही बोट उडाली तर सारी गोदी जाईल, सबब ती बुडवावी, असा स्पष्ट सल्ला दिला. त्यावर आक्षेप निघाला की, गोदीत पाणी उथळ. बोट काही फूटच खाली बसेल आणि स्फोटके कोरडीच राहतील. तिला ओढून समुद्रात न्यावे, असेही मत पुढे आले. पण तिचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेले होते. दुसऱ्या बोटींनी गोदीच्या दरवाजातून ओढून न्यावयाची तर वेळ हवा, आणि वाटेत उडाली तर काय? पाणी मारून आग आटोक्यात येईल, हीही आशा होती. यांपैकी प्रत्येक मताला आधार होता. झाकणे लावून हवा तोडण्याचा कापसाचा नेहमीचा उपाय येथे सहज करता येण्याजोगा नव्हता, कारण कोठार बंद करून वाफ सोडली तर त्याच कोठारातील स्फोटके तापावयाची. पेच खरोखरच बिकट होता. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. या सर्वांवर ज्याचा शब्द चालेल असा एकही अधिकारी तेथे नव्हता, आणि म्हणून कोणताच मार्ग पुरतेपणी पत्करला गेला नाही. चर्चा चालली आणि कापूस जळत राहिला.

त्याहून मोठी उणीव वेगळीच होती. बोट बुडवावी की ओढावी याबद्दल मतभेद असू शकेल. परंतु माणसे दूर घालवावीत याबद्दल मतभेदाला जागाच नव्हती. तसे करण्यास ना यंत्र लागत होते, ना भरतीची वाट पाहावी लागत होती. दोन तासांत गोदी रिकामी करता आली असती. शेजारच्या बोटींना खबर देता आली असती. यांपैकी काहीही झाले नाही. भोंगा वाजला नाही. बाजूच्या धक्क्यांवर माल चढविणे-उतरविणे चालूच होते आणि कामातून डोके वर काढून लोक धुराकडे कुतूहलाने पाहत होते. युद्धकाळात घबराट पसरू नये ही भावना त्यामागे असेल. पण घबराटीच्या भीतीने जी गोष्ट झाकली गेली, तिची किंमत शेकडो लोकांनी भरली.

3 वाजून 50 मिनिटांनी कोठारातून ज्वाळांचा लोळ उठला आणि बोट सोडण्याचा हुकूम सुटला. खलाशी उतरले. बंबवाले बोटीवरून खाली आले, परंतु त्यांतील पुष्कळांनी धक्क्यावरून पाणी मारणे चालूच ठेवले. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि आगबोटीचे दोन तुकडे झाले. कप्तान नेस्मिथ पुन्हा कोणास दिसला नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. 12 किलोमीटरांवरील तावदाने फुटली. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. सिंदिया कंपनीच्या ‘जलपद्म’ या सुमारे चार हजार टनांच्या बोटीचा मागचा भाग उचलला जाऊन गोदामावर जाऊन पडला. एक सोन्याची विट मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली. त्यांनी ती सरकारजमा केली.

आणि कापूस? ज्याने ही आग दोन तास पोटात बाळगली, त्यानेच ती शहरभर नेली. जळत्या गासड्या आकाशात उडाल्या आणि गोदामांवर, दुसऱ्या बोटींवर, झोपड्यांवर पडल्या. जेथे स्फोटाचा धक्का पोहोचला नाही तेथे कापसाने आग पोहोचविली. अर्ध्या मैलाच्या टापूत अग्नितांडव माजले. धान्याची कोठारे जळाली; आदल्या वर्षीच बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे खाल्ली होती, तेव्हा त्या धान्याचे मोल वेगळे सांगावयास नको. आग आटोक्यात यावयास तीन दिवस लागले. मृतांचा आकडा अधिकृत गणतीप्रमाणे सातशेच्या वर जातो, आणि गोदीत रोजंदारीवर येणाऱ्या साऱ्यांची नावे कोठे लिहिलेली नसल्यामुळे तो त्याहून बराच मोठा असावा असे मानतात. पाच लक्ष टनांच्या आसपास राडारोडा उपसून गोदी पुन्हा चालू करण्यास आठ हजार माणसांना सात महिने खपावे लागले.

नभोवाणीच्या श्रोत्यांना एका गोष्टीचे विशेष वाटेल. या स्फोटाची सविस्तर वार्ता जगाने प्रथम ऐकली ती मुंबई केंद्रावरून नव्हे. जपानच्या ताब्यातील सायगावच्या केंद्राने 15 एप्रिलला ती दिली. येथील सरकारी नियंत्रणाने वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मोकळीक दिली नाही. धूर साऱ्या शहराने पाहिला होता आणि बातमी मात्र शत्रूच्या तोंडून ऐकावी लागली.

वार्ता दडपल्याने धडाही दडपला जातो. बरोबर तीन वर्षे आणि दोन दिवसांनी, 16 एप्रिल 1947 रोजी, अमेरिकेतील टेक्सस सिटी बंदरात ‘ग्रांकाँ’ या फ्रेंच आगबोटीच्या पोटातून सकाळी आठच्या सुमारास धूर निघाला. आत खताचे अमोनियम नायट्रेट होते, सुमारे 2,300 टन. माल भिजून खराब होऊ नये म्हणून कप्तानाने पाणी मारू न देता झाकणे लावविली आणि वाफ सोडली. कापसाला हा उपाय लागू पडला असता. नायट्रेटला बाहेरच्या हवेची गरजच नसते, प्राणवायू त्याच्या अंगातच असतो. वाफेने ते अधिकच तापले. नारिंगी रंगाच्या धुराची शोभा पाहावयास लोक धक्क्यावर जमले, मुलेही आली. 9 वाजून 12 मिनिटांनी स्फोट झाला. गावच्या अग्निशामक दलातील एकटा सोडून सर्व जवान गेले, आणि मृतांची संख्या 581 धरली जाते. शेजारी ‘हाय फ्लायर’ ही बोट होती, तिच्यात नायट्रेटबरोबर गंधक भरलेला होता. ती मध्यरात्रीनंतर उडाली.

दोन्ही बंदरांत धूर पाहणाऱ्यांना आत काय जळते आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, या दोन प्रश्नांचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, अथवा मिळाले ते योग्य माणसापर्यंत गेले नाही. पुढील काळात जे नियम झाले त्यांचा रोख बहुतांशी या दोन प्रश्नांवरच आहे. 1956 पासून संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींनी धोक्याच्या मालाचे वर्ग ठरवून दिले. चौथ्या वर्गात घन पदार्थ येतात, आणि त्याचे तीन पोटभाग केले आहेत: सहज पेट घेणारे, आपोआप तापून पेटणारे, आणि पाण्याच्या स्पर्शाने ज्वालाग्राही वायू सोडणारे. सागरी वाहतुकीच्या नियमांत कोरडा कापूस पहिल्या पोटभागात बसतो. ओला कापूस मात्र दुसऱ्यात, कारण ओलसर थप्पी आतल्या आत तापते. भारतात 1989 च्या मोटार वाहन नियमांनुसार असा माल वाहणाऱ्या ट्रकवर पदार्थाचा क्रमांक, वर्ग आणि आणीबाणीच्या प्रसंगी विचारावयाचा दूरध्वनी लिहिलेली पाटी असावी लागते. रस्त्यावर उलटलेल्या ट्रकपाशी गर्दी करण्यापूर्वी ती पाटी दुरून, वाऱ्याकडे पाठ करून वाचावी आणि तोच क्रमांक बंबवाल्यांना कळवावा, यासाठी ती लावलेली असते. पुष्कळ लोक ती शोभेची समजतात.

अमेरिका-कॅनडात प्रथम पोहोचणाऱ्या पथकांसाठी जी मार्गदर्शिका छापली जाते, तिच्यात सहज पेट घेणाऱ्या घन पदार्थांच्या सांडलवंडीपासून चहूबाजूंनी निदान 25 मीटर अंतर राखावे, आणि अशा पदार्थाचा टँकर पेटला असेल तर 800 मीटरांचा परिसर मोकळा करावा, असे दिले आहे. स्फोटकांच्या पानावर आणखी कडक शब्द आहेत: आग मालापर्यंत पोहोचली असेल तर ती विझवू नये, 1,600 मीटरांपर्यंतची माणसे हलवावीत आणि माल जळू द्यावा. धक्क्यावर तोट्या धरून उभ्या राहिलेल्या त्या 66 जणांना त्या दुपारी असे सांगणारा कोणी असता, तर कूम्ब्स साहेबांच्या पथकातील कितीतरी माणसे संध्याकाळी घरी परतली असती.

व्हिक्टोरिया गोदीचा गाळ पुढे अनेक वर्षे उपसला जात होता. 1970 नंतरही त्यातून सोन्याच्या विटा सापडल्या, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये सुमारे 45 किलो वजनाचा, न फुटलेला एक गोळा वर आला.